दोन सह्यांचा कागद

पोलादाला रंग असतो, हे ज्यानं भट्टीपाशी उभं राहून पाहिलं नाही त्याला सांगून पटत नाही. तापलेलं पातं पाण्यात बुडवून काढावं, घासून उजळ करावं आणि पुन्हा निखाऱ्याच्या कडेला धरावं, की त्याच्यावरून रंग चालत जातात. आधी वाळल्या गवताचा. मग मधाचा. मग वांग्याच्या फुलाचा. मग निळा, मोराच्या मानेसारखा. आपल्याला हवा तो रंग आला की पातं तिथंच थांबवायचं असतं. एक श्वास उशीर झाला तर धार मऊ पडते, एक श्वास आधी काढलं तर धार दगडाला लागून तुटते. कचरू ओव्हाळांच्या डोळ्यांपुढून हे रंग पस्तीसएक वर्षं गेले, आणि त्यातला एकही त्यांना न विचारता पुढं गेला नाही.

खडकीच्या दारूगोळा कारखान्यात ते सहासष्ट साली लागले. वडिलांनी छपन्न साली बौद्ध धम्म घेतला आणि त्याच वर्षी गावकीचं काम सोडलं. मुलाला म्हणाले, दुसऱ्यानं बोलावलं म्हणून जायचं असलं काम तू करायचं नाही, तुझ्या हातात असं काहीतरी पाहिजे की लोक तुझ्याकडं येतील. मुलगा पोलाद तापवायला शिकला. मदतनीस म्हणून लागला आणि एकतीस वर्षांनी सगळ्यात वरच्या दर्जाचा कारागीर होऊन बाहेर पडला.

रुजू झाल्या दिवशी त्यांच्यापुढं एक छापील कागद आला होता. आत जे पाहाल, ऐकाल, कराल ते बाहेर बोलणार नाही, अशी शपथ. खाली एकच कोरी रेघ, कामगाराच्या सहीची. कचरूंनी सही केली आणि ती पाळली, इतकी की त्यांच्या पत्नी शालनबाईंना आपला नवरा आत नेमकं काय करतो ते शेवटपर्यंत कळलं नाही. क्वार्टरमध्ये शेजारणी गप्पा मारत, तेव्हा शालनबाई म्हणत, "आमचे गरम करतात. काय गरम करतात ते विचारू नका, मी पण विचारत नाही."

आणखी एक सवय त्या कारखान्यानं लावली. कागद बाहेर न्यायचा नाही, टिपण करायचं नाही, जे शिकायचं ते डोक्यात ठेवायचं. गेटवर खिसे उलटे करून दाखवावे लागत. ही सवय अंगात अशी मुरली की वाण्याची यादीसुद्धा कचरू पाठ करून जात. लिहिलेलं कुणाच्याही हाताला लागतं, डोक्यातलं लागत नाही, एवढा एक नियम त्यांनी आयुष्याकडून घेतला होता.

सत्त्याण्णव साली निवृत्त झाल्यावर त्यांनी मांजरीला, उसाच्या फडांच्या कडेला, दोन खोल्या बांधल्या. मागं पत्र्याची शेड टाकली, भट्टी लावली, ऐरण आणली. आजूबाजूला तेव्हा ऊसच ऊस होता. दिवाळी झाली की बीड-पाटोद्याकडून ऊसतोडीच्या टोळ्या यायच्या, पाचटाच्या खोपी उभ्या राहायच्या. तोडकऱ्याचं सगळं पोट कोयत्यावर. मालट्रकच्या जुन्या कमानपाट्यातून केलेला कोयता आठ दिवसांत बोथट होतो, बुडख्याशी खडा लागला की त्याची धार दात पडल्यासारखी तुटते. बोथट कोयत्यानं तोडणाऱ्या बाईचा खांदा जानेवारीतच जातो.

कचरूंनी ते खांदे पाहिले आणि ते कामाला लागले. कोयत्याचं पोलाद वेगळं, काम वेगळं. कारखान्यातली विद्या इथं जशीच्या तशी उपयोगी पडणारी नव्हती, आणि पडली असती तरी त्यांनी ती वापरली नसती. पहिला सबंध हंगाम ते प्रयोग करत राहिले. कितीतरी पाती फुकट गेली. शेवटी एक रीत सापडली. पहिलं पाणी, म्हणजे तापलेलं पातं विझवणं, सगळे लोहार देतात तसंच. पण त्यानंतर ते पात्याला दुसरं पाणी द्यायचे, कसल्याशा काळपट द्रावात. त्यात काय असायचं, पातं कुठल्या रंगाला आत जायचं आणि किती वेळ राहायचं, ते एकट्या कचरूंना माहीत. त्या वेळी ते शेडचं दार लोटून घ्यायचे. दुसरं पाणी प्यालेला कोयता सबंध हंगाम चालायचा. त्याला मधूनमधून नुसता दगड दाखवला तरी पुरे.

पाटोद्याचा एक मुकादम होता, हिंमतराव. तो दरवर्षी आपल्या टोळीचे सगळे कोयते आधी कचरूंच्या शेडपुढं आणून टाकायचा आणि मगच खोपी बांधायला घ्यायचा. म्हणायचा, "मिस्तरी, आमच्या बायका देवाचं नाव एकदा घेत्यात अन् तुमचं दोनदा. देव रागावला तर तुमी बघून घ्या."

"देवाची अन् माझी वळख न्हाई," कचरू म्हणायचे. "तू कोयते मोज."

लोक तुझ्याकडं येतील, असं वडील म्हणाले होते. लोक येत होते.

त्यांची मुलगी निकिता तेव्हा कॉम्प्युटरच्या कंपनीत लागली होती. कर्वेनगरला दोन मैत्रिणींबरोबर फ्लॅट घेऊन राहायची, रविवारी मांजरीला यायची. अमेरिकेतल्या कुठल्याशा बँकेसाठी ती काम करायची. कुठल्या बँकेसाठी ते सांगायची नाही. "पप्पा, मी सही केलीय," एवढंच म्हणायची, आणि कचरूंना त्याचा फार अभिमान वाटायचा. आपल्या घरात दुसरी पिढी गुपित राखते आहे, असं त्यांना वाटायचं.

दोन हजार एक सालच्या पावसाळ्यात शेतीची अवजारं करणाऱ्या एका कंपनीचा माणूस मांजरीला आला. कंपनीचं नाव इथं लिहीत नाही, लिहून काही उपयोगही नाही. माणसाचं नाव राकेश सबनीस. वय असेल तिशीचं. बूट शेडबाहेर काढून आत आला, हे शालनबाईंच्या अजून लक्षात आहे. त्याच्या हातात कचरूंनी पाणी दिलेला कोयता होता.

"ओव्हाळसाहेब, हा आम्ही मशीनवर तपासला. आमच्या इंजिनियरांना कळत नाही की हे कसं केलंय," तो म्हणाला. "तुमची पद्धत आम्हाला समजून घ्यायची आहे. पटली तर आपण मिळून करू. पात्यावर तुमचं नाव राहील."

कचरूंना आजवर कुणी साहेब म्हटलं नव्हतं. पण ते हुरळून जाणारे नव्हते. "समजून घ्यायचं म्हंजे मी सांगायचं. अन् मग?" त्यांनी विचारलं.

"मग काय, कागद करू. गुप्ततेचा. तुमचं गुपित सुरक्षित."

त्या रविवारी निकिता आली तेव्हा कचरूंनी तिला हे सांगितलं. तिनं हातातली भाकरी तशीच ठेवली.

"कुठला कागद? एनडीए?"

"एनडीए म्हंजे खडकवासल्याचं?" शालनबाई आतून म्हणाल्या. "ह्या वयात ह्यांना सैन्यात घेतात का?"

"आई, ते वेगळं. हे नॉन-डिस्क्लोजर अ‍ॅग्रीमेंट. गुपित न फोडण्याचा करार." ती वडिलांकडं वळली. "पप्पा, नीट ऐका. ह्याचे प्रकार असतात. आमच्याकडे रोजचं आहे हे. एक असतो एकतर्फी. ज्याला गुपित सांगितलं जातं तो बांधला जातो, सांगणारा मोकळा. तुम्ही कारखान्यात सही केली ती तसलीच. गुपित कारखान्याचं, बांधलेले तुम्ही. दुसरा असतो दुतर्फी. दोघंही एकमेकांना गुपितं सांगणार, म्हणून दोघंही बांधलेले. तिघंचौघं असले तर तिसरा प्रकार, तो सोडा."

"मग?"

"मग आधी हे बघायचं की गुपित कुणाकडे आहे. इथं कुणाकडे आहे?"

"माझ्याकडं."

"त्यांच्याकडे आहे काही? तुम्हाला सांगण्यासारखं?"

"मला काय सांगणार ते?"

"झालं तर. मग एकतर्फीच पाहिजे, त्यांना बांधणारा. दुतर्फी दिला तर घ्यायचा नाही. ते त्यांचं काहीबाही त्यात घालतील, मग तुमचं कुठलं आणि त्यांचं कुठलं ह्याचा गोंधळ होणार. तो गोंधळ कंपनीला परवडतो, आपल्याला नाही."

तिनं ऑफिसातल्या एका ओळखीच्या माणसाकडून तसा एकतर्फी मसुदा आणला, दोनच पानांचा. मराठीतून त्याचा अर्थ वडिलांना दोनदा समजावला. कचरूंनी तो घडी करून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवला. बुधवारी कंपनीत जायचं होतं. निकिताला रजा मिळाली नाही.

पुढं काय झालं ते मला निकितानं आणि शालनबाईंनी सांगितलं. त्या दोघींनी ह्या प्रकरणातल्या कुठल्या कागदावर सही केलेली नव्हती.

कंपनीत कचरूंना काचेच्या खोलीत बसवलं. चहा आला, कपबशीतून. राकेशनं निकिताचा मसुदा शांतपणे वाचला. मग टेबलावर दोन कागद ठेवले.

"साहेब, हा आमचा नेहमीचा. ह्यात फक्त तुम्ही बांधले जाता. हा मी तुम्हाला देणारच नाही, मलाच पटत नाही. आणि हा तुम्ही आणलेला. ह्यात फक्त आम्ही बांधले जातो. म्हणजे तुमचा आमच्यावर विश्वास नाही, असं होतं. मग सुरुवातच कशाला करायची?" त्यानं तिसरा कागद पुढं केला. "हा मधला. दोघांनाही सारखा नियम. तुम्ही आमचं बोलायचं नाही, आम्ही तुमचं बोलायचं नाही. ना कुणी वर, ना कुणी खाली."

त्या कागदाच्या शेवटच्या पानावर दोन रेघा होत्या, शेजारी शेजारी. एकीखाली कंपनीचं नाव छापलं होतं आणि दुसरीखाली कचरू सखाराम ओव्हाळ. अक्षरं एकाच मापाची.

कचरू त्या दोन रेघांकडं किती वेळ पाहत बसले असतील, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. पण मी त्यांच्या आयुष्याकडं पाहतो तेव्हा मला ती जागा दिसते. त्यांच्या बापानं सबंध गावात कधी कुणाच्या शेजारी बसून चहा घेतला नव्हता. त्यांनी स्वतः एकतीस वर्षं सही केली ती एकट्याच्या रेघेवर. समोरच्या साहेबानं कधी, मीही बांधला गेलो, असं म्हटलं नव्हतं. आणि आज त्यांच्या सहीच्या बरोबरीनं एक सही होणार होती. निकितानं आणलेल्या कागदात साहेब खाली आणि आपण वर, असं होत होतं. ते कचरूंना नको होतं. कुणाला खाली बसवायचं नाही, हेच तर त्यांच्या बापानं शिकवलं होतं.

त्यांनी मधला कागद घेतला आणि सही केली. प्लास्टिकची पिशवी घडी करून खिशात ठेवली.

रविवारी निकितानं तो करार वाचला. वाचता वाचता तिचा चेहरा उतरत गेला.

"पप्पा, मी काय सांगितलं होतं?"

"दोघांना सारखा नियम हाय त्यात. वाच की."

"नियम सारखा आहे, पण गुपित एकट्या तुमचंच आहे ना! फुटलं तर तुमचंच फुटणार, त्यांचं काय जाणार?" ती पानं उलटत होती. "आणि हे बघा, सातवं कलम. तोंडी सांगितलेली गोष्ट गुपित धरायची असेल, तर पंधरा दिवसांच्या आत ती लिहून, वर गोपनीय असा शिक्का मारून द्यायची. नाहीतर ती गुपित नाही. तुम्ही सांगितलंत का त्यांना?"

"शुक्रवारी आले हुते. दोन इंजिनियर. दाखवलं."

"सगळं?"

"सही झाली हुती ना!"

"मग आता लिहून द्या. अजून बारा-तेरा दिवस आहेत. तुम्ही सांगा, मी टाइप करते, शिक्का मी आणते."

कचरूंनी करार घडी करून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "लिहायचं न्हाई."

"पप्पा!"

"लिहिलं की बाहेर गेलं. त्यांच्या कपाटात पडणार, शिपाई बघणार, कारकून बघणार. माझ्या डोक्यात हाय तवर ते माझं हाय."

"तुमच्या डोक्यातलं तुम्ही शुक्रवारी त्यांच्या डोक्यात घातलंत. आता राहिलाय फक्त कागद."

"दोघंबी माझ्यापुढं हाताची घडी घालून उभे हुते. एकानंबी टिपून घेतलं न्हाई."

"बाहेर गाडीत बसून टिपलं असेल," निकिता म्हणाली. "बरं, त्यांना देऊ नका. मला तरी सांगा. मी लिहून, तारीख टाकून ठेवते."

कचरूंनी तिच्याकडं पाहिलं. "तुझी ती बँक कंची गं?"

निकिता पर्समधून कोरा कागद काढायला लागली.

"न्हाई ना सांगत? बापाला बी न्हाई सांगत. मग मी लेकीला कसं सांगू?"

 निकितानं त्या कोऱ्या कागदावर वरचा मजकूर लिहून दिला, कंपनीचं नाव, तारीख, विषय, आणि मधली जागा मोकळी सोडली. जाताना म्हणाली, "तुम्हाला जेवढं लिहावंसं वाटेल तेवढं लिहा. दोन ओळी लिहा. पण लिहा." कचरूंनी तो कागद पत्र्याच्या पेटीत ठेवला. पंधरा दिवस गेले. मधली जागा मोकळीच राहिली.

विसाव्या दिवशी कंपनीचा शिपाई जाडजूड लिफाफा घेऊन आला. आत चार छापील पानं. प्रत्येक पानाच्या डोक्यावर लाल शिक्का, कंपनीची गोपनीय माहिती. सोबत राकेशची चिठ्ठी: साहेब, नजरेखालून घाला, काही चुकलं असेल तर दुरुस्त करून, पोच सही करून परत द्या.

पानं मराठीत होती. कचरूंनी चष्मा लावला. त्यांनीच सांगितलेलं सगळं तिथं ओळीनं मांडलं होतं, पहिलं पाणी, घासणी, दुसरं पाणी, द्रावाचा मेळ. इंजिनियरांनी बरंच बरोबर टिपलं होतं. फक्त दुसऱ्या पाण्याच्या ठिकाणी चूक होती. रंग एक घर पुढचा लिहिला होता आणि आत ठेवायचा वेळ दुप्पट. त्या मापानं केलेला कोयता चार दिवसांत वाकला असता.

शालनबाई समोर बसून लसूण सोलत होत्या. त्या सांगतात, "ते पान घेऊन ते उगी घरभर फिरले. मी म्हणलं, काय झालं? म्हणले, चुकीचं लिहिलंय. मी म्हणलं, राहू द्या की मग. तर माझ्याकडं अशे बघायला लागले, जसं काय मी कुणाच्या ताटात माती टाका म्हणले."

त्या चुकीत त्यांची सुटका होती. ती तशीच राहिली असती तर कंपनीचा कोयता वाकला असता आणि कंपनी पुन्हा मांजरीला आली असती. हे कचरूंना कळलं नसेल असं मला वाटत नाही. पण चुकीच्या मापाखाली आपली सही करायची, हे त्या हाताला कधी जमलेलं नव्हतं. त्यांनी लाल पेन घेतलं, चुकीच्या ओळीवर रेघ मारली आणि वर बरोबर रंग, बरोबर वेळ लिहिला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी आपलं गुपित कागदावर उतरवलं, तेही दुसऱ्याच्या शिक्क्याखाली. मग पोच सही केली आणि चारही पानं शिपायाच्या हाती दिली. नक्कल ठेवली नाही. नक्कल ठेवायची नसते, हे ते एकतीस वर्षं शिकले होते.

त्यानंतर राकेशचा फोन आला नाही. हंगाम आला, गेला. कचरूंनी नेहमीसारखे कोयते केले. दोन वेळा ते पीसीओवरून फोन लावून आले. साहेब मीटिंगमध्ये आहेत, असं एक मुलगी सांगायची. तिसऱ्या वेळी ती म्हणाली, साहेब बंगलोरला गेले, आता इथं नसतात.

दुसऱ्या पावसाळ्यात हडपसरच्या एका दुकानात कोयता टांगलेला दिसला. पिवळी मूठ, मुठीवर कंपनीचं नाव. कचरूंनी तो हातात घेतला, उजेडाकडं वळवला, अंगठ्याचं नख धारेवरून फिरवलं. दुकानदार म्हणाला, "नवीन आलाय बाबा, सबंध सीझन धार जात नाही." कचरूंनी तो परत खुंटीला लावला आणि बसनं घरी आले. जेवले. शालनबाईंना म्हणाले, "बरोबर केलाय."

पात्यावर त्यांचं नाव नव्हतं. पण नाव नसण्याचं दुःख पुढच्या दुःखापुढं लहान होतं. सप्टेंबरात कंपनीच्या वकिलाची नोटीस आली. आमच्या अशिलानं आपली गोपनीय प्रक्रिया अमुक तारखेला चार पानांत आपणास दिली, आपण पोच दिली. तीच प्रक्रिया आपण मांजरी येथे परवानगीशिवाय वापरत असल्याचं समजतं. ती सात दिवसांत बंद करावी आणि तसं लेखी हमीपत्र द्यावं.

निकिता वडिलांना घेऊन शिवाजीनगरला अनंतराव लिमये नावाच्या वकिलांकडं गेली. लिमयांनी करार वाचला, नोटीस वाचली, चष्मा पुसला.

"हा कुणी निवडला?"

"मी," कचरू म्हणाले.

"वा. कंपनीच्या वकिलाची फी वाचवलीत." त्यांनी पान उलटलं. "तुम्ही तोंडी सांगितलंत. पंधरा दिवसांत लिहून दिलंत का?"

"न्हाई."

"म्हणजे तुमचं गुपित ह्या करारात नाहीच. त्यांनी तेच लिहून शिक्का मारून तुम्हाला दिलं. म्हणजे त्यांचं आहे. तुम्ही पोच दिलीत. म्हणजे तुम्हाला ते त्यांच्याकडून कळलं. मुलाच्या मुंजीलासुद्धा लोक इतकी तयारी करत नाहीत."

"पण सर, पप्पा हे तीन वर्षं आधीपासून करत होते," निकिता म्हणाली. "सगळी मांजरी सांगेल."

"आहे ना, तसं कलम आहे. आधीपासून ठाऊक असलेली गोष्ट मोकळी. पण पुढचा शब्द वाचा. लेखी नोंदीवरून सिद्ध करता आली तर. आहे एखादी वही? तारीख घातलेला कागद?"

निकितानं वडिलांकडं पाहिलं. वडील जमिनीकडं पाहत होते.

"धार टिकते हे तोडकरी सांगतील. ती कशानं टिकते हे कोण सांगणार? तुम्ही दार लावून काम करत होतात." लिमयांचा आवाज जरा खाली आला. "लढता येईल. त्या पानांवर तुमची लाल दुरुस्ती आहे म्हणता, ती मागवता येईल. ज्याला ठाऊक असतं तोच दुरुस्त करतो, असं म्हणता येईल. त्यांनी ते पान फाडलं नसलं तर. वर्षं जातील. आणि कोर्टात तुम्हाला सगळी रीत उलगडून सांगावी लागेल."

"मग हमीपत्र?" निकितानं विचारलं.

"दिलंत तर विषय संपतो. करार तीन वर्षांचा, पण हमीपत्राला मुदत नाही. आणि ह्या कराराबद्दल कुणाला बोलायचं नाही, असंही एक कलम आहे. ते तुम्ही वाचलं नसणारच."

परतताना बसमध्ये निकिता रडली. "लढू या, पप्पा. ते पान मागवू. ते खोटं बोलतायत."

कचरू खिडकीबाहेर पाहत होते. स्वारगेट गेलं, पूलगेट गेलं. मग म्हणाले, "खोटं ते बोलत्यात. पण सही माझी हाय. सही केल्यावर माझ्या तोंडातनं कधी शब्द गेला न्हाई, निकी. आता म्हातारपणी कोर्टात हुभा राहून मी ते फोडू? मग कारखान्यातली एकतीस वर्षं मी काय केलं?"

"ती वेगळी सही होती!"

"मला दोन परकारच्या सह्या येत न्हाईत."

पुढच्या आठवड्यात त्यांनी हमीपत्र दिलं. शेडचं दार लावलं. ऐरणीवर गोणपाट टाकलं.

दिवाळी झाली आणि हिंमतराव आला. नेहमीसारखे सगळे कोयते त्यानं शेडपुढं आणून टाकले, मागं टोळीतल्या चार बायका उभ्या होत्या.

"मिस्तरी, उठा. यंदा दोन बिऱ्हाडं जास्ती हायेत."

कचरू ओट्यावर बसले होते. "पाणी देणं बंद केलंय मी."

"तब्येत बरी न्हाई का?"

"बरी हाय."

"मग?"

"बंद केलंय."

हिंमतराव हसला, त्याला वाटलं थट्टा आहे. मग त्यानं शेडच्या कुलपाकडं पाहिलं. "काय चुकलं का आमचं? पोरी कुणी काही बोलल्या?"

"न्हाई रं. हडपसरला दुकानात मिळतो. पिवळ्या मुठीचा. त्यो घे."

"तुमच्या हातच्यावानी हाय का?"

 "घे," ते म्हणाले. "चांगला हाय. सबंध हंगाम जाईल."

"दुकानदाराची दलाली कधीपसून करायला लागला, मिस्तरी?" हिंमतराव उठला. "लेकीची नोकरी मोठी झाली, आता तोडकऱ्याच्या कोयत्याला हात कशाला लावताल. सायेब झाला तुमी." त्यानं बायकांना खूण केली. त्यांनी कोयते पुन्हा गोणीत भरले. त्यातली एक म्हातारी, खांदा धरून चालणारी, जाताना कचरूंकडं एकदा वळून पाहून गेली.

ते रस्त्याला लागले तेव्हा शालनबाईंना राहवलं नाही. त्या पदर खोचून मागं धावल्या, उसाच्या गाड्यांमधून वाट काढत त्यांनी हिंमतरावला गाठलं आणि सगळं सांगितलं. कंपनी, कागद, शिक्का, नोटीस. धाप लागून सांगितलं, पण काही गाळलं नाही.

हिंमतरावनं ऐकून घेतलं. मग मान हलवली.

"वैनी, मिस्तरीनं सोताच्या भट्टीत, सोताच्या हातानं, सोताचंच काम करायचं न्हाई? असा कुठं कागद असतो व्हय? नको म्हणायचं तर सरळ नको म्हणा. गरिबाला गोष्टी कशाला सांगता?"

आणि तो टोळी घेऊन हडपसरच्या दिशेनं गेला.

शालनबाई घरी आल्या. कचरू ओट्यावर तसेच बसले होते.

"काय म्हणला?" त्यांनी विचारलं.

"काही न्हाई," शालनबाई म्हणाल्या, आणि चहा ठेवायला आत गेल्या.